घाट उतरताना मांड्या का भरतात? लांब पळणारे आणि वजनं

घाटपळ्या (धागालेखक)

सातारा हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की पळणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच विषय असतो: चढ कसा मारायचा. शहर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. तिथे किती चालायचं, किती पळायचं, जेल (ऊर्जेचं पाकीट) कुठे फोडायचं, पाऊस असला तर बूट कोणते, सगळ्याचा कीस पाडून होतो. उतारावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. "वर पोचलो की जिंकलो, खाली काय, गडगडत यायचं!" आणि मंगळवारी हीच मंडळी ऑफिसचा जिना कठडा धरून, आडवं होत एकेक पायरी उतरताना सापडतात. वर जाताना तक्रार नाही, खाली येताना बोंब.

कारण साधं आहे. चढावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर तोच स्नायू लांबत असतो आणि लांबतानाच दर पावलाला ब्रेक दाबत असतो. असा लांबत लांबत भार पेलणं स्नायूला सगळ्यात महाग पडतं. तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. गंमत म्हणजे उतरताना छाती शांत असते. घड्याळात नाडी खाली आलेली दिसते, बोलता येतं, शेजारच्याशी गप्पाही होतात, पण मांड्या ऐकत नाहीत. दम शिल्लक आहे, पाय संपलेत. म्हणजे कमी पडली ती ताकद.

थोडा हिशोब करू. मिनिटाला १७० पावलं आणि अडीच तासांची हाफ धरली तर २५,५०० पावलं होतात. सपाटीवरसुद्धा दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार परत येतो. ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर १४० ते १७५ किलो, तेही पावणेतेरा हजार वेळा. आणि हाच माणूस जिममध्ये १० किलोचं डंबेल बघून म्हणतो, "नको, गुडघे जातील."

जे जिमला जातात त्यांची तऱ्हा निराळी. हलकं वजन, २५-३० रेप्स (एका दमात तेवढ्या वेळा उचलणं), कारण "आपल्याला बॉडी नाही बनवायची, एन्ड्युरन्स पाहिजे." अरे बाबा, पंचवीस हजार रेप्स रविवारी मारून आलास ना? आणखी तीस कशाला? पळण्यातून जे मिळत नाही त्यासाठी जिमला जायचं: थोडे रेप्स, जड वजन, मधे भरपूर विश्रांती. माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.

सध्याचा बेत असा. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), रोमानियन डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून वजन उचलणं), पायरीवरून सावकाश स्टेप-डाउन, पोटऱ्या (उभ्याने आणि बसून), शेवटी साइड प्लँक. पहिल्या दोन मोठ्या व्यायामांचे ५-६ रेप्सचे तीन सेट, दोन सेटमध्ये तीन मिनिटं नुसतं बसायचं. वजन असं निवडायचं की सहावा झाल्यावर आणखी एखाद-दोन निघतील, पण चार निघणार नाहीत. ती तीन मिनिटं पळणाऱ्यांना सगळ्यात जड जातात असा माझा अनुभव आहे. घाम येत नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मंडळी, तुम्ही काय करता?


आळशी_कासव

वाचनखूण साठवली आहे. व्यायाम झाला.


पेडररोडग्रस्त

धागा छान, पण पटलं नाही. केनिया-इथिओपियावाले कुठे वजनं उचलतात? मी मुंबई फुल नेमाने पळतो, डंबेलला कधी हात लावलेला नाही. पळणं सुधारायचं तर जास्त पळा, टेम्पो (दमवणाऱ्या पण टिकणाऱ्या वेगाचं पळणं) करा, टेकड्या करा. बाकी सगळी जिमवाल्यांची दुकानदारी. आणि स्नायू वाढवून वजन वाढलं तर ते ४२ किलोमीटर वाहून कोण नेणार? पेडर रोडच्या चढावर एकेक किलो कळतो राव.


वंगण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दुकानदारीचा आरोप माझ्यावरही येऊ शकतो. तरी लिहितो.

केनियाचं आधी. केनियाचा मॅरेथॉनवीर किपचोगे, त्याच्या कॅम्पमध्येही चटईवरचे व्यायाम असतात, रबर बँड लावून खुब्याचे व्यायाम असतात. जड बारबेल नाही, हे तुमचं बरोबर. पण लहानपणापासून डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर वाढलेले पाय आणि अडतिसाव्या वर्षी, नऊ तास खुर्चीत बसून, डॉक्टरांनी साखर काठावर आहे सांगितल्यावर पळायला लागलेले पाय यांना एकच पथ्य कसं लागू होईल? माझ्याकडे येणारे नव्वद टक्के दुसऱ्या गटातले असतात.

आणि आपल्याकडची उदाहरणं बघा की. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि तो ट्रॅकवरच्या हर्डलसारखा धक्का लागला की पडत नाही. पायात स्प्रिंग नसेल तर तिथे निभाव लागत नाही. त्याच माणसाने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येऊन मग स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओच्या अंतिम फेरीत दहावी आली. ताकद आणि लांब पल्ला यांचं वैर असतं तर हे दोघं झालेच नसते.

आता वजन वाढण्याची भीती. नॉर्वेत २००८ साली १७ चांगल्या धावपटूंवर एक अभ्यास झाला. काहींना नेहमीच्या पळण्यासोबत आठवड्यातून तीनदा हाफ स्क्वॉट दिले, चार सेट, प्रत्येकी फक्त चार रेप्स, आणि वजन इतकं की पाचवा निघू नये. असे आठ आठवडे. शेवटी त्याच वेगाने पळायला त्यांना सुमारे ५ टक्के कमी ऑक्सिजन लागू लागला. शरीराचं वजन? होतं तेवढंच राहिलं.

असं का होतं? पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. स्नायू तोच असतो, पण मेंदू त्यातले जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो. टाचेच्या वरचा स्नायूबंध म्हणजे ॲकिलीसही हळूहळू ताठ होतो. पाऊल पडताना त्यात ऊर्जा साठते आणि उचलताना परत मिळते. तो सैल असेल तर ती ऊर्जा वाया जाते आणि पोटरीला दर वेळी नव्याने काम करावं लागतं.

शिवाय पळणाऱ्याचं अंग फुगवणं सोपं नाही. हिक्सन नावाच्या संशोधकाने १९८० मध्येच दाखवलं होतं की जड व्यायाम आणि दमाचा व्यायाम दोन्ही भरपूर केले तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ अडते. दमाची वाढ मात्र अडली नाही. म्हणजे झळ बसते ती जिमला, पळण्याला नाही. बॉडीबिल्डर पळायचं का टाळतात ते यातून कळतं. तुम्ही आठवड्याला ६० किलोमीटर पळून वर ७० टक्के पोळीभातावर असाल, तर दंड फुगण्याची काळजी सोडा.


पेडररोडग्रस्त

१७ जण म्हणजे आमच्या रविवारच्या चहाच्या टपरीवरची गर्दी. त्यावरून सगळ्या जगाने स्क्वॉट मारायचे?


वंगण

रास्त शंका. एकट्या अभ्यासावर मीही विसंबणार नाही. पण त्याच्या आधी १९९९ मध्ये फिनलंडमध्ये असंच काहीसं झालं होतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे नेहमीच्या पळण्यावर जादा व्यायाम लादला नव्हता. एकूण तास तेवढेच ठेवून जवळपास एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या स्प्रिंट आणि वेगाने उचलायची वजनं यांना दिला. नऊ आठवड्यांनी या गटाची ५ किलोमीटरची वेळ सुधारली, आणि व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) जराही वाढलेला नव्हता! इंजिन तेच, मायलेज वाढलं.

दुखापतींबद्दल मात्र मी हात राखून बोलतो. २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात ताकदीच्या व्यायामाने अतिवापराच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. जिमची पोस्टरं हे वाक्य फार आवडीने छापतात. पण त्यात वेगवेगळे खेळ होते आणि मैदानी सांघिक खेळांतली मंडळी बरीच होती. फक्त लांब पळणाऱ्यांसाठी पुरावा इतका ठोस नाही. "स्क्वॉट मारा, गुडघा कधीच दुखणार नाही" असं कोणी म्हणालं तर पाकीट सांभाळा.


तांबडापांढरा

समदं वाचलं. नॉर्वे झालं, फिनलंड झालं, आमच्या कोल्हापूरचं नाव न्हाई कुठं. आमचा आजा तालमीत पहाटे पाचशे जोर आन हजार बैठका काढायचा आन वर जोतिबाच्या डोंगराला चालत जायचा. त्याला कुठलं रोमानियन डेडलिफ्ट? बैठका काढा की भावानू. फुकट हाय, जागा लागत न्हाई, पाय लोखंडागत व्हत्यात.


घाटपळ्या

आबा, बैठकांबद्दल आदर आहेच. पण हजार बैठका म्हणजे पुन्हा तेच, भरपूर रेप्स. हजार निघतात याचा अर्थच असा की एकेक बैठक हलकी आहे. पैलवान तेवढ्यावर थांबत नसत ना? जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका, मुद्गल, गळ्यात दगडी कडं, आणि लाल मातीत ऐंशी किलोचा माणूस उचलून आपटणं. जड काम तिथे होतच होतं, फक्त त्यावर किलोचा आकडा लिहिलेला नसे.


वंगण

यात थोडी भर. बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघा पायाच्या बोटांच्या बराच पुढे जातो, त्यामुळे भार गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीच्या पुढच्या भागावर जास्त येतो. उतारासाठी हे एका परीने चांगलंच आहे. ज्याला सवय आहे त्याने बैठका सोडू नयेत. मात्र वाटीभोवती आधीच दुखतंय अशा माणसाने थेट शंभर बैठकांनी सुरुवात केली तर चार दिवसांत तो माझ्या दवाखान्यात येतो.

आबांना एक सुचवतो. वीस बैठका काढायच्या, पण खाली जाताना मनात सावकाश चार मोजायचे. बघा हजाराची सर येते का.


तांबडापांढरा

काढल्या. वीस न्हाई, पंधरातच घाम फुटला. बोलू नका कुणाला.


अबोली_ठाणे

धागा वाचून बरं वाटलं. माझं वय ४९. पळायला उशिरा लागले, आता हाफ आरामात होते. मध्यंतरी हाडांची घनता तपासली तर कमरेत जरा कमी निघाली. जिममध्ये गेले तर तिथल्या मुलाने दोन-दोन किलोची गुलाबी डंबेल्स हातात दिली आणि म्हणाला, "आंटी, तुम्ही एवढंच करा, जड नको." आता इथे सगळे जड जड म्हणताय. नक्की काय करू? पळते आहे म्हणजे हाडं आपोआप मजबूत होतात असं मला वाटत होतं.


वंगण

ताई, पळण्याने पायाच्या हाडांना फायदा होतो, पण कण्याला फारसा नाही. हाड नव्या, वेगळ्या आणि मोठ्या भाराला दाद देतं. तोच तो ठोका हजारो वेळा बसला की त्याला सवय होऊन जाते. पाळी थांबण्याच्या आसपास इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांसोबत स्नायूही झपाट्याने कमी होतात. म्हणजे या वयात जड उचलण्याची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल तर ती तुम्हाला आहे, त्या पोराला नाही. दोन किलोपेक्षा जड तर आपली भाजीची पिशवी असते. तुम्ही ती रोज उचलताच.

पण दोन अटी. घनता किती कमी आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. ऑस्टिओपोरोसिसपर्यंत (हाडं ठिसूळ होण्यापर्यंत) गेलं असेल तर कमरेतून गोल वाकून वजन उचलणं आणि उड्या यांबाबत त्यांचा सल्ला आधी. आणि पहिले दीड-दोन महिने फक्त पद्धत शिका: रिकाम्या दांड्याने किंवा काठीने, खुब्यातून वाकायचं, पाठ सरळ. त्यानंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. शिकवणारी व्यक्ती "आंटी" म्हणणारी नसेल तर उत्तम.


अबोली_ठाणे

डॉक्टरांशी बोलले, ऑस्टिओपेनिया (घनता थोडी कमी) आहे, त्यापुढे गेलेलं नाही, आणि वजनांना हिरवा कंदील मिळाला. धन्यवाद! आता दुसरा प्रश्न. या सगळ्याला प्रोटीन लागतं म्हणतात. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं पण चतुर्थी-सोमवार सोडून. पावडर घ्यायची इच्छा नाही.


घाटपळ्या

हा प्रश्न येणारच होता. आपल्याकडे सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलं जातं. पळणं आणि वजनं दोन्ही करणाऱ्याने किलोमागे १.४ च्या आसपास धरावं. ६० किलोला ८४ ग्रॅम. आता रोजच्या ताटात बघा: वाटीभर घट्ट वरण ६-७ ग्रॅम, एक अंडं ६, पाव लिटर दूध ८, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८-२०. दोन वेळा वरणभात-पोळी-भाजी आणि सकाळी पोहे एवढ्यावर चाळीस-पन्नासच्या पुढे गाडी जात नाही. सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम (कोरड्या) घेतल्या तर एकदम २५ ग्रॅम मिळतात. चवीला काय लागतात ते विचारू नका, पण गरम मसाला आणि सुकं खोबरं वाटून केल्या तर घरचे कुरकुर करत खातात.

एक गैरसमज: शेंगदाणे. लाँग रननंतर गूळ-शेंगदाणे खाल्ले की प्रोटीन झालं, असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन आणि जवळजवळ ५० ग्रॅम तेल असतं. खा की, पण त्याला तेलबी म्हणूनच खा.


आळशी_कासव

साबुदाणा खिचडीवर स्क्वॉट मारणाऱ्यांची संघटना काढतोय. अध्यक्षपद रिकामं आहे.


दर्बानी

लांबून हजेरी. मी मूळचा नाशिकचा, सध्या डर्बनला. इथली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून चालू आहे, जवळपास ९० किलोमीटर, बारा तासांची मुदत. सहसा एक वर्ष डर्बनहून पीटरमॅरित्झबर्गला चढत जायचं आणि पुढच्या वर्षी तिकडून उतरत यायचं. भारतातून दरवर्षी मोठा जथा येतो, त्यात मराठी बरेच. नवखे म्हणतात, "डाउन रन घेऊ, सोपी." इथले जुने लोक नुसते हसतात. उतरणीच्या वर्षी पाइनटाउनच्या अलीकडे फील्ड्स हिलचा लांब उतार येतो, तोही साठ-पासष्ट किलोमीटर पायात भरल्यावर. तिथे धडधाकट माणसं रस्त्याच्या कडेला उलटी चालताना दिसतात.

इथे क्लबात जी पद्धत आहे ती सांगतो. डाउन रनच्या वर्षी दर दोन-तीन आठवड्यांनी एक मुद्दाम उताराचं पळणं ठेवतात. पहिल्या वेळी मांड्या भरून येतात, दुसऱ्या वेळी तोच उतार तेवढा लागत नाही.


वंगण

दर्बानी यांनी लाखमोलाचं सांगितलं. याला शास्त्रीय आधार आहे. उताराचा एक चांगला डोस मिळाला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच त्रासापासून बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. साताऱ्याला जाणाऱ्यांनी स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी सिंहगड रस्त्याने किंवा जवळच्या कुठल्याही घाटातून एक-दोनदा पळत उतरावं. रोज नव्हे. शेवटच्या दहा दिवसांत तर अजिबात नको, नाहीतर दुखऱ्या मांड्या घेऊनच रांगेत उभे राहाल.

उतरताना लांब ढांगा टाकू नका. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की ब्रेक करकचून लागतो. पावलं आखूड आणि भराभर पडू द्या.


सोसायटीजिम

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये डंबेल्स १० किलोपर्यंतच आहेत, बारबेल नाही. बाहेरच्या जिमची फी परवडत नाही. आमच्यासारख्यांनी जड कुठून आणायचं?


घाटपळ्या

एक पाय वापरा. दोन पायांवर १० किलो हलके वाटतात, एका पायावर नाही. मागचा पाय बाकावर ठेवून बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, दोन्ही हातांत दहा-दहा किलो. आठ काढून दाखवा.

पोटऱ्यांना तर जिम लागतच नाही. जिन्याची पायरी, कठड्याला एक बोट, पाठीवर सॅक, सॅकमध्ये १० किलोची तांदळाची पिशवी. पाऊल अर्धं पायरीवर, टाच हवेत. एका पायावर वर जायचं, अंगठ्यावर भार येईपर्यंत पूर्ण वर, क्षणभर थांबायचं, मग तीन मोजत टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची. सगळे हमखास चुकतात ते वर जाताना. अर्ध्यावरूनच परत येतात आणि मोजणी मात्र पूर्ण धरतात. हेच बसून करायचं तेव्हा सॅक गुडघ्यावर ठेवायची. गुडघा वाकलेला असला की वरवरची पोटरी सुटते आणि आतला सोलियस कामाला लागतो. पळताना या स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो आणि त्याचं नाव निम्म्या पळणाऱ्यांनी ऐकलेलं नसतं.


वंगण

सॅकशिवाय एका पायावर पूर्ण वर जाऊन किती निघतात ते आधी मोजा. पंचवीसच्या आसपास निघायला हवेत. मॅरेथॉन पळणारे लोक बारा-तेराला थांबतात तेव्हा त्यांनाच धक्का बसतो. दोन्ही पायांत फरक असेल तर कमजोर पायाने सुरुवात करा.


टाचदुखी_क्लब

पोटरीचा विषय निघालाच आहे तर. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पाच-दहा पावलं टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. प्लांटर फॅसायटिस (तळव्याच्या पडद्याचं दुखणं) सांगितलंय. बाटली लाटून झाली, बर्फ झाला, मऊ चपला झाल्या. वजनांचा इथे काही उपयोग?


वंगण

आहे. डेन्मार्कमधला २०१४ चा उपाय मी बऱ्याच जणांना देतो. वरचाच पायरीचा व्यायाम, एका पायावर, पण बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि तळव्याचा पडदा ताणला जातो. तीन मोजत वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला १२ चे तीन सेट, दोन आठवड्यांनी सॅकमध्ये वजन वाढवून १० चे चार, आणखी दोन आठवड्यांनी ८ चे पाच. त्या अभ्यासात तीन महिन्यांनी या लोकांना नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा बरंच बरं होतं. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच झाले, हेही सांगायला हवं. म्हणजे हा उपाय लवकर बरं करतो. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा जास्त टोचला तर वजन कमी करा.

टाचेच्या मागे, ॲकिलीसमध्ये दुखत असेल तर टॉवेल नको. त्याला आल्फ्रेडसनचा १९९८ चा जुना स्वीडिश उतारा आहे: फक्त टाच खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार, १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कंटाळवाणा आहे, लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात. हल्ली एक दिवसाआड जड आणि सावकाश असं करूनही तितकाच गुण येतो.


पेडररोडग्रस्त

बरं, वादापुरतं मान्य करू. पण हे बसवायचं कुठे? मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात पळणं, मधे विश्रांती), गुरुवारी टेम्पो, रविवारी लाँग रन. शुक्रवारी जिममध्ये पायांचा व्यायाम मारला तर रविवारी ३० किलोमीटर कसे होणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाने शनिवारी लेग डे केला आणि रविवारी वरळीलाच टॅक्सी पकडली.


घाटपळ्या

कठीण दिवशीच कठीण करा. मंगळवारी सकाळी इंटरव्हल, संध्याकाळी वजनं. मधे सहा-आठ तास जायला हवेत. गुरुवारी तसंच, थोडं हलकं. बुधवार आणि शुक्रवार खरोखर आरामाचे. लोक उलट करतात: आरामाच्या दिवशी जिम टाकतात आणि मग आठवड्यात एकही दिवस पाय ताजे नसतात.

आणि वेळ नसेल तर आठवड्याचं एखादं सोपं पळणं कापा. तुमचे पाच किलोमीटर कमी झाले म्हणून मुंबई मॅरेथॉन रद्द होणार नाही.


पेडररोडग्रस्त

पाच किलोमीटर कापायचे? ते जरा जास्त होतंय. ऑगस्टपासून मंगळवारचं करून बघतो. गुरुवारचं वचन देत नाही. जानेवारीत वेळ सुधारली तर श्रेय माझ्या ट्रेनिंगला, बिघडली तर या धाग्याला.


सोसायटीजिम

शेवटचं. स्पर्धेच्या किती आधी वजनं बंद करायची? काही जण महिनाभर आधीच सोडतात.


वंगण

महिनाभर सोडलं तर कमावलेलं बरंचसं ओसरतं. शेवटचं जड सत्र साधारण दहा दिवस आधी. त्यानंतर एकदाच, स्पर्धेच्या पाच-सहा दिवस आधी, वजन तेच पण एक-दोनच सेट, दुखणार नाही इतपत. नवा व्यायाम त्या पंधरवड्यात अजिबात सुरू करू नका. स्पर्धेनंतर आठवडाभर फक्त चाला, मग पुन्हा अर्ध्या वजनाने सुरुवात करा. पावसाळ्यात पळणं कमी होतं तेव्हा आठवड्यातून तीनदा, सीझन चालू असेल तेव्हा एकदा-दोनदा. एकदा केलं तरी आहे ते टिकतं.


तांबडापांढरा

पन्हाळ्याहून खाली पळत येनार हाय ऐतवारी. चार मोजत बैठका चालूच हायत, तिशीवर गेलोय. कोन येतंय का बरोबर? खाली आल्यावर मिसळ माझ्याकडनं, आन प्रोटीनसाठी मटकीची उसळ डबल.


आळशी_कासव

मी मिसळीपाशी थांबतो. उताराचा विचार नंतर करू.